मनकर्णिका-लक्ष्मीबाई दोन, यमुना दोन, रमाबाई तीन: जोडनावाच्या कर्तबगार स्त्रियांच्या नोंदी वेगळ्या कशा ठेवायच्या?

काटेपूर्णा

३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची. या दहा दिवसांत आपल्या विदर्भात गावोगावच्या शाळांत आणि वाचनालयांत कर्तबगार स्त्रियांचे फलक लागतात. त्यांवर एक चूक वर्षानुवर्षं चालत आली आहे. एकाच नावाच्या दोन-तीन बायांची आयुष्यं एकमेकींत मिसळलेली असतात. पंडिता रमाबाईंच्या फोटोखाली पुण्याचं सेवासदन, रमाबाई रानड्यांच्या नावावर शारदा सदन, संत बहिणाबाईंना जळगावच्या शेतकरीण करून टाकलेलं. पोरं तेच वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या वर्षीचा फलक त्या वहीवरून तयार होतो.

गोंधळाचं मूळ नावांच्या जोडीत आहे. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव कागदोपत्री संपायचं. नावं ठेवायची ती नद्यांची आणि देवींची, म्हणजे मोजकीच. त्यामुळे जोडीच्या जोडी जुळते. झाशीची राणी माहेरची मणिकर्णिका तांबे, लग्नानंतर लक्ष्मीबाई नेवाळकर. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. दोघींची दोन्ही नावं तीच, एक रणांगणावरची, दुसरी लेखिका.

आता यमुना बघा. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) जन्माच्या यमुना. रमाबाई रानडे (१८६२-१९२४) याही जन्माच्या यमुना, माहेर कुर्लेकर. आनंदीबाईंच्या बाबतीत आडनावही उपयोगाचं नाही, कारण माहेर जोशी आणि सासरही जोशी. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई (बाया कर्वे) या जन्माच्या गोदू, त्यांचंही माहेर जोशीच. म्हणजे 'आनंदीबाई, माहेर जोशी' एवढ्यावर थांबलं तर दोन बाया एकाच कार्डावर बसतात.

माझ्या मते छोट्या वाचनालयाला झेपेल असा उपाय म्हणजे कार्डसूची. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं जाड कार्ड, ग्रंथालयाच्या खणात बसतं तेच, खालच्या बाजूला मधोमध सळईचं भोक. एका बाईचं एक कार्ड, त्यावर या क्रमानं:

पहिली ओळ: प्रचलित नाव, पुढे कंसात आडनाव.
दुसरी ओळ: जन्मनाव आणि माहेरचं आडनाव, पहिल्या ओळीइतक्याच मोठ्या अक्षरात.
तिसरी: जन्म-मृत्यूची सालं.
चौथी: वडील आणि पती.
पाचवी: गावं, म्हणजे जन्माचं, कामाचं आणि शेवटचं.
सहावी: काम, पाच-सात शब्दांत, एका तरी सालासकट.
सातवी: 'हिच्याशी गल्लत नको', आणि त्या दुसरीचं नाव.
मागच्या बाजूला: माहिती कोणत्या पुस्तकातून घेतली, फोटो कुठून घेतला.

सातवी ओळ सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक गाळतात. जाणकारांनी भर घालावी. मुख्य नोंद कोणत्या नावाखाली करावी, याबद्दल विशेष मत हवं आहे.

जुना ग्रंथपाल

मांडणी चांगली आहे. मुख्य नोंदीबद्दल सांगतो.

अलीकडच्या भारतीय लेखकांची नोंद आडनावाखाली करायची, हा ग्रंथालयांचा रूढ नियम आहे: शेळके, शांता. पण एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रियांना वाचक आडनावानं शोधत नाही. मुलगा येऊन 'रमाबाईंचं पुस्तक द्या' म्हणतो, 'रानडे' म्हटलं की न्यायमूर्तींचं मागतो. म्हणून या सूचीपुरती मुख्य नोंद दिलेल्या नावाखाली करा आणि आडनावाखाली फक्त निर्देश-कार्ड ठेवा:

रानडे, रमाबाई
पाहा: रमाबाई (रानडे) १८६२-१९२४

जन्मनावाखालीही तसंच:

यमुना (कुर्लेकर)
पाहा: रमाबाई (रानडे) १८६२-१९२४

यमुना (जोशी)
पाहा: आनंदीबाई (जोशी) १८६५-१८८७

म्हणजे एका बाईची किमान तीन कार्डं. सारी माहिती मुख्य कार्डावर, बाकी दोन नुसती वाट दाखवणारी. निर्देश-कार्डावर माहिती लिहायचा मोह टाळा. पुढे मुख्य कार्डावरचं साल दुरुस्त होतं, निर्देश-कार्डावरचं तसंच राहतं, आणि एकाच बाईच्या दोन जन्मतारखा खणात नांदतात.

एकाच नावाची कार्डं आडनावाच्या अकारविल्ह्यानं लावू नका, जन्मसालानं लावा. ताराबाईंचं उदाहरण घ्या: महाराणी ताराबाई (१६७५-१७६१), ताराबाई शिंदे, ताराबाई मोडक (१८९२-१९७३). सालानं लावलं की कोण कोणाच्या आधीची हे खण उघडताच दिसतं. आडनावानं लावलं तर मोडक त्यांच्या आधीच्या ताराबाई शिंद्यांच्या अलीकडे येतात.

पदव्या वर्णक्रमात धरायच्या नाहीत. 'पंडिता', 'राणी', 'संत', 'डॉक्टर', 'कवयित्री' ही नावं नव्हेत. पंडिता रमाबाई 'र'खालीच. 'बाई' मात्र नावाला चिकटवूनच लिहा. 'रमा बाई' असं तोडून लिहिलं तर ते कार्ड 'रमाबाई'च्या गठ्ठ्यातून निसटतं.

मोहफूल

काटेपूर्णाताई, मुख्य नोंद जन्मनावाखाली का नको? बाईचं पहिलं नाव तेच. सासरच्या नावाला मान आणि माहेरच्या नावाला नुसतं 'पाहा' कार्ड, हे मनाला पटत नाही. गडचिरोलीकडच्या शाळांत मुली विचारतात की राणीचं खरं नाव कोणतं.

काटेपूर्णा

प्रश्न रास्त आहे, म्हणूनच दुसरी ओळ पहिलीइतक्याच मोठ्या अक्षरात ठेवली. पण मुख्य नोंद शोधणाऱ्याच्या सोयीनं ठरते. 'मनकर्णिका' हा शब्द तोंडात घेऊन वाचनालयात येणारे मोजके, 'लक्ष्मीबाई' म्हणत येणारे सगळे. शिवाय स्वतः पुस्तक लिहिणाऱ्या बायांनी ज्या नावानं लिहिलं ते त्यांनी स्वतः वापरलेलं नाव आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी मुखपृष्ठावर तेच नाव दिलं, रमाबाई रानड्यांनीही. ते बदलण्याचा अधिकार सूचीकाराला नाही. फलकावर मात्र दोन्ही नावं एकाच आकारात, एकाखाली एक लावा. तिथं जागेची अडचण नसते.

राणीच्या दुसऱ्या ओळीत मणिकर्णिका आणि मनकर्णिका दोन्ही रूपं लिहा, कारण पुस्तकांत दोन्ही छापलेली आहेत.

बुलढाणेकर

ताराबाई शिंद्यांचं कार्ड आपल्या भागात तरी नीट व्हायलाच पाहिजे. त्या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून, सत्यशोधक विचारांचे. 'स्त्री-पुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं, साल १८८२. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायांवर झोड उठवली, तिला दिलेलं हे उत्तर. जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली. मग पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं.

इथं गल्लत दोन प्रकारची होते. पहिली: 'ताराबाई' म्हटलं की फलक करणारा तलवारधारी महाराणीचं चित्र लावतो. त्या महाराणी हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, राजारामांच्या पत्नी. १७०० साली राजाराम गेल्यावर १७०७ पर्यंत औरंगजेबाशी त्यांनी झुंज चालवली. शिंद्यांशी त्यांचा काही संबंध नाही. दुसरी: शिंदे आडनाव पाहून ग्वाल्हेरच्या घराण्याशी नातं जोडतात. तेही चूक. सातव्या ओळीत दोन्ही लिहा.

ताराबाई मोडकांचं कार्ड करताना 'बालशिक्षण, बोर्डी आणि कोसबाड, पद्मभूषण १९६२' एवढं पुरे. त्यांच्या कार्डाला 'हेही पाहा: अनुताई वाघ' जोडा.

आणि जिजाबाई. सिंदखेडराजाच्या जिजाऊ (१५९८-१६७४) सगळ्यांना माहीत. पण तुकाराम महाराजांच्या पत्नी जिजाबाई, ज्यांना आवली म्हणत, त्यांच्यासाठी वेगळं कार्ड कुठंच दिसत नाही. करवीरच्या छत्रपती संभाजींच्या पत्नी जिजाबाई तिसऱ्या. त्यांनी अठराव्या शतकात कोल्हापूरचा कारभार सांभाळला. पन्हाळ्याच्या माहितीत 'जिजाबाई' नाव आलं की पोरं ते सिंदखेडराजाच्या जिजाऊंना लावून मोकळी होतात. तीन कार्डं कराच.

पैनगंगा

रमाबाई तिघी नाहीत, चौघी. थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई पेशवे, ज्या १७७२ साली थेऊरला सती गेल्या, त्या राहिल्या. बाकी तिघींचं असं:

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२): माहेर डोंगरे, पती बिपिनबिहारी मेधावी. आडनावं दोन, पण लोक त्यांना ओळखतात तिसऱ्याच शब्दानं, पदवीनं. १८८२ पुणे, आर्य महिला समाज. ११ मार्च १८८९ मुंबई, शारदा सदन. पुढे केडगावचं मुक्ती मिशन.

रमाबाई रानडे (१८६२-१९२४): जन्मनाव यमुना कुर्लेकर, गाव देवराष्ट्रे. पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजात यांचाही वावर होता, गोंधळाची खरी जागा हीच. एक शहर, एक संस्था, एक काळ, एक नाव. फरक लक्षात ठेवायचा तो नंतरच्या कामावरून. पुण्याचं सेवासदन, १९०९, हे रानड्यांचं. शारदा सदन हे पंडितांचं.

रमाबाई आंबेडकर (१८९८-१९३५): जन्मनाव रमी, गाव दापोलीजवळचं वणंद. माहेरचं आडनाव धुत्रे, काही ठिकाणी वलंगकर असंही लिहिलेलं आढळतं. दोन्ही द्या.

आणखी एक खाचखळगा. ११ मार्च ही तारीख या कार्डांवर तीनदा येते. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई जोशी एम.डी. झाल्या, ११ मार्च १८८९ ला शारदा सदन उघडलं, ११ मार्च १८९३ ला गोदूबाई आणि धोंडो केशव कर्वे यांचा विवाह झाला. शिवाय गोदूबाई शारदा सदनातच शिकल्या, आणि आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला हजर होत्या. धागे इतके गुंतलेले आहेत की 'तारीख दोनदा आली, म्हणजे छपाईची चूक असणार' असं समजून लोक खरी तारीख खोडतात. तसं करू नका.

धामणगाव

पैनगंगा भाऊ, लय कामाची माहिती देऊन राहिले तुम्ही. रमाईच्या कार्डावर एक ओळ वाढवा. दीक्षाभूमीच्या १९५६ च्या सोहळ्याचा फोटो लावून खाली 'रमाबाई आंबेडकर' लिहिलेलं लय ठिकाणी दिसते. रमाई २७ मे १९३५ लाच गेल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली ती माईसाहेबांनी, म्हणजे डॉ. सविता आंबेडकर (१९०९-२००३) यांनी. त्या पण जोडनावाच्याच. माहेरच्या शारदा कबीर, १९४८ च्या लग्नानंतर सविता.

जुना ग्रंथपाल

धामणगाव यांनी दाखवलेली चूक टाळायची सोपी रीत आहे. फोटो लावण्याआधी फोटोचं साल आणि कार्डावरचं मृत्यूचं साल शेजारी ठेवा. फोटो नंतरचा निघाला तर माणूस दुसरा. पंधरा सेकंदांचं काम, आणि बहुतेक चुका इथंच अडतात.

फोटोंबद्दल अजून थोडं.

राणी लक्ष्मीबाईंचा म्हणून जो फोटो मोबाइलवर फिरतो त्यावर भिस्त ठेवू नका. चित्र वापरा आणि खाली 'चित्र' असं स्पष्ट लिहा.

आनंदीबाई जोशींचा सर्वांत प्रसिद्ध फोटो १८८५ चा, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातला. त्यात तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी आहेत: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. फलकासाठी तो कापून एकटीचा चेहरा घेताना पेहराव बघूनच कापा, आणि जमलं तर कापूच नका. तिघी एकत्र दिसण्यातच त्या फोटोची गंमत आहे.

आंतरजालावर नाव टाकलं की चित्रपट-मालिकांतल्या नट्यांचे फोटो आधी येतात. आनंदीबाई, रमाई आणि झाशीची राणी या तिघींच्या बाबतीत हे सर्रास होतं. फोटो फार स्वच्छ, रंगीत आणि दागिने लखलखीत असतील तर तो वापरू नका.

ताडून पाहायला टपाल तिकिटं फार उपयोगी. रमाबाई रानडे यांच्यावर १९६२ साली तिकीट निघालं, पंडिता रमाबाईंवर १९८९ साली, सावित्रीबाई फुल्यांवर १९९८ साली. दोन रमाबाईंची तिकिटं शेजारी ठेवली की चेहरे पुन्हा चुकत नाहीत.

मोहफूल

इंग्रजी-फ्रेंच नावांच्या बायांचं काय करायचं? आठवी-नववीच्या मुलांच्या फलकावर त्याही असतात. तिकडे एकाच व्यक्तीला जन्मापासून दोन नावं जोडून ठेवतात: मेरी ॲन, मारिया ॲना. आपले लोक दुसऱ्या नावाला वडिलांचं नाव समजतात, कारण आपल्याकडे मधल्या जागी वडील नाहीतर नवरा असतो. मग 'ॲन' गळून जाते.

जुना ग्रंथपाल

बरोबर. नियम असा: जोडनाव एकच नाव धरायचं, तोडायचं नाही, उलटवायचं नाही. उलटवलं की माणूस बदलतो. संगीतकार मोझार्टची आई ॲना मारिया (१७२०-१७७८), बहीण मारिया ॲना (१७५१-१८२९), तीही उत्तम वादक. शब्द तेच दोन, क्रम उलटा, बाया दोन. भरीला चुलतबहीणही मारिया ॲना, तिच्या नावाला 'थेक्ला' जोडलेलं. तिथंही जन्मसालच कामी येतं.

रसायनशास्त्राच्या फलकासाठी मारी-ॲन लाव्हाझिये (१७५८-१८३६) जरूर घ्या. पतीच्या १७८९ च्या ग्रंथातल्या उपकरणांची चित्रं त्यांनी काढली. नावातली आडवी रेघ ठेवा. तीच सांगते की दोन्ही मिळून नाव एक आहे. जॉर्ज एलियट यांचं मुख्य कार्ड टोपणनावाखाली, दुसऱ्या ओळीत मेरी ॲन इव्हान्स (१८१९-१८८०), आणि 'मेरी ॲन'खाली निर्देश-कार्ड. आपल्याकडे विभावरी शिरूरकर यांचंही असंच: जन्माच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर, टोपणनाव तिसरं. त्यांची पाच कार्डं झाली तरी होऊ द्या.

वर्धेकर

वर्धा जिल्ह्याच्या फलकाला लागतील अशी दोन-तीन नावं देतो.

मीराबेन (१८९२-१९८२), जन्मनाव मॅडेलीन स्लेड. नाव गांधीजींनी दिलं. इथं सासर-माहेर नाही, तरी दुसऱ्या ओळीचा नियम तोच. 'मीरा'खाली संत मीराबाईचं कार्ड आधी, हिचं नंतर. सरलाबेन (१९०१-१९८२) यांचं जन्मनाव कॅथरीन मेरी हाइलमन. त्याही सेवाग्रामला होत्या, पुढे कुमाऊँत गेल्या. दोघी इंग्रज, दोघी बेन, दोघींचं मृत्यूसाल १९८२. फलकावर या दोघींची अदलाबदल होते, म्हणून सातवी ओळ भरायलाच हवी.

सावित्रीबाईंच्या गठ्ठ्यातही दुसरं कार्ड आहे: सावित्रीबाई खानोलकर (१९१३-१९९०), परमवीर चक्राची रचना करणाऱ्या. जन्म स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा, जन्मनाव ईव्ह इव्होन, म्हणजे हेही जोडनाव. विक्रम खानोलकरांशी लग्न झाल्यावर सावित्री. फुल्यांच्या सावित्रीबाईंचं (१८३१-१८९७) काम माहीत असलेल्या मुलाला हे दुसरं कार्ड दाखवा, तो डोळे विस्फारून वाचतो.

गावांची नावंही कार्डावर जपून लिहा. सेवाग्रामचं जुनं नाव शेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी गल्लत होऊन टपाल भलतीकडे जायचं, म्हणून १९४० साली नाव बदललं. १९३६-३९ च्या कागदात 'शेगाव' दिसलं आणि संदर्भ गांधीजींचा असेल, तर ते वर्ध्याचं. नुसतं गाव लिहू नका, जिल्हा लिहाच.

काटेपूर्णा

जिल्ह्याची सूचना पाचव्या ओळीत घालते. अनसूयाबाई राहिल्या. नागपूरच्या अनसूयाबाई काळे, १९४२ च्या चिमूर-आष्टी प्रकरणातल्या फाशीच्या शिक्षा रद्द व्हाव्यात म्हणून झटलेल्या, १९५२ आणि १९५७ ला नागपूरच्या खासदार. अहमदाबादच्या अनसूयाबेन साराभाई (१८८५-१९७२) कापडगिरण्यांच्या कामगार चळवळीतल्या. 'अनसूया, स्वातंत्र्यकाळातील नेत्या' एवढंच लिहिलं तर दोघींनाही चालून जातं. म्हणूनच सहाव्या ओळीत एक साल आणि एक ठिकाण सक्तीचं ठेवा.

बहिणाबाईंचं कोणी नीट लिहाल का?

बुलढाणेकर

संत बहिणाबाई (१६२८-१७००): वेरूळजवळचं देवगाव, गुरू तुकाराम महाराज, अभंगरचना, समाधी शिऊरला. स्वतःचं आयुष्य त्यांनी अभंगांतून सांगितलं आहे.

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१): जळगावजवळचं असोदे, शेतकरी कुटुंब, अक्षरओळख नाही. कविता मुलगा सोपानदेव यांनी आणि नात्यातल्यांनी टिपून ठेवल्या, पुस्तक निघालं १९५२ साली, म्हणजे त्या गेल्यावर. कार्डावर 'प्रकाशन' आणि 'मृत्यू' ही दोन सालं ठळक लिहा, नाहीतर पोरं '१९५२ साली पुस्तक लिहिलं' असं उतरवतात.

ओळखायची खूण: नाव अभंगाखाली असेल तर संत, जातं-मोट-शेत-सुगरण आली तर चौधरी. दोघींत अडीचशे वर्षांचं अंतर आहे.

शांताबाईंचीही तीन कार्डं करून टाका: शांता शेळके (१९२२-२००२), शांताबाई दाणी, शांताबाई कांबळे. पहिल्या कवयित्री आणि गीतकार, दुसऱ्या नाशिकच्या आंबेडकरी चळवळीतल्या नेत्या, तिसऱ्या शिक्षिका आणि आत्मचरित्रकार.

पैनगंगा

जुन्या पुस्तकांत तिथी आणि शक असतो. बदलायची रीत: चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. जानेवारी १८३१ म्हणजे शके १७५२, तिथं ७८ मिळवले तर १८३० येतं आणि सावित्रीबाई एका वर्षानं मोठ्या होतात. फलकांवर एका वर्षाचा फरक दिसला की कारण बहुधा हेच.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक भानगड आहे. १८५३ पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता, त्यामुळे जुन्या महसुली कागदांवर फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाची वेगळी वर्षगणना, सापडतो. दख्खनी फसलीत ५९० मिळवा. वर्ष पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतं, म्हणून एक वर्ष मागेपुढे धरा आणि कार्डावर 'सुमारे' लिहा.

जिथं विद्वानांतच वाद आहे तिथं एक बाजू निवडू नका. राणी लक्ष्मीबाईंचं जन्मसाल १८२८ आणि १८३५ असं दोन्ही छापलेलं आहे. '१८२८ (किंवा १८३५)-१८५८' असं लिहा. जून १८५८ हा मृत्यूचा महिना पक्का, तारीख १७ की १८ यावर मतभेद आहेत.

अक्षरजुळणी

फलक फ्लेक्सवर छापणार असाल तर तयार मजकूर मोबाइलवरून तसाच दुकानात पाठवू नका. बहुतेक दुकानांत अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेवसारखे जुने फॉन्ट चालतात. युनिकोडमधला मजकूर त्यात चिकटवला की चौकोन उमटतात, मग ऑपरेटर सगळं हातानं पुन्हा टाइप करतो. सालं चुकतात ती या वेळी. '१८६२'चं '१८६५' होतं आणि रमाबाई रानड्यांना आनंदीबाईंचं जन्मसाल लागतं. घरूनच पानाची पीडीएफ करून पाठवा आणि 'यातलं काही टाइप करू नका, असंच छापा' असं सांगा. सहा बाय चार फुटांच्या फ्लेक्सवर आठच बाया घ्या. त्याहून जास्त घेतल्या तर जन्मनावाची ओळ बारीक करावी लागते, मग ती दुरून कोणी वाचत नाही.

संगणकावर यादी ठेवणाऱ्यांसाठी: 'ऱ्य' मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच, पण शोधयंत्राला दोन वेगळी अक्षरं वाटतात. 'ॲ'चंही तेच. 'मेरी ॲन' शोधलं आणि यादीत असून सापडलं नाही, तर कारण हे. एकाच माणसानं, एकाच कळफलकावरून सगळी यादी टाइप करावी. 'रमाबाई' आणि 'रमाबाई' असे दोन गठ्ठे दिसले तर शेवटी अदृश्य मोकळी जागा राहिली आहे का पाहा. आडनाव, जन्मनाव आणि जन्मसाल यांचे रकाने वेगळे ठेवा. सगळं एका रकान्यात कोंबलं तर सालानं लावता येत नाही.

धामणगाव

गावातल्या बायांचीबी अशी सूची करायची म्हटलं तर? भजनी मंडळातल्या, दाया, बचत गट उभे करणाऱ्या. आमच्याइकडं एका गल्लीत शांताबाई चार निघतात.

काटेपूर्णा

तेच कार्ड चालतं, फक्त माहेरच्या गावाला पहिल्या ओळीत आणा. वऱ्हाडात बाईला 'आकोटवाली', 'दर्यापूरवाली' म्हणूनच ओळखतात, आणि एका गल्लीतल्या चार शांताबाई त्यानंच वेगळ्या होतात. जन्मनाव विचारताना घरातल्या पुरुषाला विचारू नका, त्याला बहुतेक ठाऊक नसतं. त्या बाईलाच विचारा, ती नसेल तर तिच्या माहेरच्या कोणाला तरी. जिवंत व्यक्तीचं कार्ड तिला वाचून दाखवून, तिची परवानगी घेऊनच खणात लावा. जन्मतारीख सांगता येत नसेल तर अंदाज बांधू नका, जागा कोरी सोडा.

वर्धेकर

लिहायला काय वापरायचं? जेल पेननं केलेली कार्डं पावसाळ्यात ओल धरून फुटलेली पाहिली आहेत.

जुना ग्रंथपाल

पक्कं ठरलेलं सगळं साध्या निळ्या किंवा काळ्या बॉलपेननं. वादातली सालं आणि माहेरची शंकास्पद आडनावं पेन्सिलीनं, पुरावा मिळाला की शाईनं. खणात पाठीमागे मूठभर जागा मोकळी ठेवा, कार्डं दाबून भरली की सळईच्या भोकापाशी फाटतात. कार्ड फाटलं तर नवं करताना जुनं फेकू नका. मागच्या बाजूचा फोटोचा उगम बहुतेक वेळा उतरवायचा राहून गेलेला असतो.